मुकं जातं

सांगली, १२ जून १९७३

चि. भामास चंदनबालाचे आशीर्वाद.

तू मेढ्याच्या डोंगरात गेलीस ती गेलीसच. वर्षभरात एक पोस्टकार्ड, तेही ‘मी बरी आहे, तुम्ही बऱ्या असाल’ एवढंच. रागावून लिहीत नाही. मला तुझी गरज पडली आहे, आणि गरजवंताला रागावण्याची सोय नसते.

आमच्या नर्सिंग स्कूलच्या कपाटात सात इंग्रजी पुस्तकं आली आहेत. रोग्याशी कसं बोलावं, त्याला धीर कसा द्यावा, तो जे बोलतो ते टिपून त्यावरून आपण काय शिकावं, असा विषय. पुस्तकं चांगली आहेत. फक्त त्यांतल्या बाया खुर्चीत बसतात आणि विचारलं की उत्तर देतात. आपल्याकडची बाई उंबऱ्यात उभी राहते, काय होतंय विचारलं तर ‘काय न्हाई’ म्हणते आणि तीन दिवसांनी मरते. तिच्याशी कसं बोलावं हे सातांपैकी एकाही पुस्तकात नाही. माझ्या मुली ती पुस्तकं घोकतात आणि वॉर्डात गेल्या की रोग्यांवर खेकसतात.

म्हणून मी मराठीत पुस्तक लिहायला घेतलं आहे. ‘नर्सने ऐकावं कसं’ असं नाव ठेवीन म्हणते. माझा चुलतभाऊ अजितकुमार लग्नपत्रिकांचा हंगाम सरला की आपल्या छापखान्यात छापून देणार आहे. त्यात मला माझं शहाणपण भरायचं नाही, बायांचं बोलणं हवं. तू ऐकणारी आहेस. वॉर्डात म्हाताऱ्या तासन्‌तास तुझ्यापाशी बोलत बसायच्या आणि मी तुला कामचुकार म्हणायचे, ते मी विसरले नाही. तर एखाद्या बाईचं बोलणं तिच्याच शब्दांत लिहून पाठव. नियम तीनच. तिचा शब्द बदलायचा नाही. छापताना नाव-गाव द्यायचं नाही. आणि लिहिण्याआधी तिला विचारायचं.

तुझी,
चंदनताई

*

मुक्काम डोंगर, मेढ्याच्या वर आठ मैल
५ ऑगस्ट १९७३

ती. चंदनताईंना भामाचा शिरसाष्टांग नमस्कार.

शिव्या पोहोचल्या, पोट भरलं. चार महिने पोस्टमन इथवर चढत नाही, हे पत्र मेढ्याला जाणाऱ्या मास्तरांच्या हाती देते आहे. माझं राहणं शाळेमागच्या खोलीत. गाव खाली, ओढ्यापलीकडे. सुई टोचणं, बाळंतपणं आणि पत्रलेखन ही नर्सबाईची तीन कामं. इथले निम्मे पुरुष पलटणीत आहेत आणि त्यांच्या बायकांना अक्षर येत नाही, त्यामुळे तिसरं काम सर्वांत जास्त. तुम्ही मला भावजयीच्या चुलीपासून उठवून शिकवलंत ते ह्यासाठी असेल असं वाटलं नव्हतं, पण चाललं आहे.

तुम्हाला हवी तशी एक बाई आहे. नाव साळूबाई. नाव तुमच्यापुरतं. नवरा मानसिंग पलटणीत नाईक. सासू रंगूबाई म्हणजे गावात जिचा शब्द खाली पडत नाही अशी. मुलगी हौसा, चार वर्षांची. साळूबाई नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला येते. गेल्या महिन्यात पत्र झालं तरी उठेना. मग पदर सावरत, खाली बघत बोलली. तिचंच बोलणं लिहिते.

“बाई, मांडीवर रुपयाएवढा चट्टा हाय. भात लावताना तिथंच काटा मोडला. हौसीनं वडून काडला, तर भळाभळा रगत. पोर म्हणती, आये, तू रडत कशी न्हाईस? तवा माज्या ध्यानात आलं, मला दुखलंच न्हाई.”

मी तिला माहेरच्या निमित्ताने मेढ्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं. कुष्ठच आहे, पण एकच चट्टा, पसरणारा नव्हे, दुसऱ्याला लागणारा नव्हे. तीन वर्षं न चुकता गोळ्या घेतल्या तर अंगावर काही राहायचं नाही. हे मी तिला चार वेळा सांगितलं. ती म्हणाली, “तुमी म्हणता ते खरं आसंल. पर आमच्यात रगतपितीचं नाव काडलं की बाई मेली. सासू मला गोठ्यात बी ठिवायची न्हाई. हौसीला वडून घेतील. तीन वर्सं मी मुक्यानं काडते. तुमी तेवडं तोंड बंद ठिवा.”

गोळ्या ती जात्याखाली अंथरलेल्या पोत्याच्या घडीत ठेवते. मी विचारलं, एवढं मनात ठेवून जीव गुदमरत नाही का, कुणाला सांगावंसं वाटत नाही? तर हसली. “सांगते की. रोज पहाटं जात्याला सांगते.” आणि हळू आवाजात ओवी म्हटली, स्वतःच जुळवलेली:

मुकं माझं जातं, त्याला सांगते मी काई-बाई
कुणाच्या दारामंदी त्यानं नेलं न्हाई बाई

ताई, ती ओवी मी त्याच रात्री कागदावर उतरवून घेतली.

तुमची,
भामा

*

सांगली, २४ ऑगस्ट १९७३

चि. भामास आशीर्वाद.

तुझं पत्र वर्गात वाचलं नाही. कपाटात ठेवून कुलूप लावलं. सात इंग्रजी पुस्तकं एका पारड्यात आणि तुझी दोन पानं दुसऱ्यात. हे माझं तिसरं प्रकरण. आमच्याकडे सांगलीत गल्लोगल्ली गिरण्या. जातं मी फक्त लग्नाच्या हळदीला पाहिलेलं. त्यामुळे ती ओवी वाचून मी बराच वेळ खिडकीतच उभी होते.

आता माझ्यातली मास्तरीण जागी झाली आहे, तेव्हा प्रश्न. एक, चट्टा पहिल्यांदा कधी दिसला? दोन, देवऋषी, भगत यांच्याकडे गेली होती का? तीन, नवऱ्याला ठाऊक आहे का? चार, गोळ्यांनी मळमळ होते का? पाच, ती चुकवते किती दिवस? सहा, तू गप्प बसलीस तेव्हा ती जास्त बोलली की तू विचारलंस तेव्हा? सात, रडली का? आठ, तिचं बोलणं पुस्तकासाठी लिहू का, असं तिला विचारलंस का?

सगळ्यांची उत्तरं दे. एकही गाळू नकोस.

चंदनताई

*

मेढ्याच्या वर, १८ ऑक्टोबर १९७३

ती. चंदनताईंना नमस्कार.

परीक्षेचा पेपर मिळाला. एक: चट्टा चार वर्षांपूर्वी हौसाच्या वेळच्या बाळंतपणानंतर दिसला, तो अंगावरचा डाग समजून सोडून दिला. दोन: देवऋषाकडे सासूने नेलं होतं, पण दुसरं मूल लवकर व्हावं म्हणून, चट्टा त्याला दाखवला नाही. तीन: नवऱ्याला ठाऊक नाही. ती पत्रात तसं लिहू देत नाही. ‘म्हैस व्याली, हौसी खोडकर झाली’ एवढंच. चार: पहिला महिना मळमळ होती, नवरा नुकताच रजेवर येऊन गेलेला, त्यामुळे सासूला वाटलं दिवस गेले, तिने गूळ वाटायची तयारी केली. ह्याचं साळूबाईला हसू आलं आणि मग रडूही आलं. त्यातच सातव्याचं उत्तर आलं. पाच: आजवर दोनच दिवस चुकले, भात कापणीचे. सहा: मी गप्प बसले तेव्हाच जास्त बोलली. हे तुम्हीच शिकवलेलं. आठव्याचं म्हणाल तर तिचा माझ्यावर फार विश्वास आहे.

चट्ट्याची कड फिकट होत चालली आहे. डॉक्टरही खूश आहेत. पुस्तकात माझं नाव घालणार का? घालू नका म्हणणार नाही.

भामा

*

सांगली, २ डिसेंबर १९७४

चि. भामास आशीर्वाद.

पुस्तक झालं! तीनशे प्रती. वर्षभर अजितकुमारने मला लग्नपत्रिका आणि मयताच्या पत्रांमध्ये कुठेतरी कोंबलं, पण छपाई देखणी केली. तिसऱ्या प्रकरणाचं नाव ‘जात्याशी बोलणारी बाई’. खाली बारीक अक्षरात ‘नोंद: श्रीमती भामा शेलार’. बघ, आता तू पुस्तकातली बाई झालीस.

काळजी घेतली आहे. साळूबाईची गंगू केली. गाव मिरजेच्या बाजूला कृष्णाकाठी नेलं. भाताची ज्वारी केली, पलटणीतला नवरा कारखान्यात कामाला लावला. ओवीला मात्र हात लावला नाही. शब्द बदलायचा नाही हा आपलाच नियम. गोळ्यांची जागाही गाळली आहे.

जानेवारीत माझी एक मुलगी, सुरेखा, महिनाभर तुझ्याकडे अनुभवाला पाठवते. गुणी आहे, गळाही गोड. तिच्यासोबत तुझी प्रत येईल. संक्रांतीला तुम्ही शाळेत हळदीकुंकू करता ना? तिथे तिच्याकडून वाचन करवून घे. कुष्ठ बरं होतं हे बायांच्या कानी पडेल, तेही एका बाईच्या तोंडून.

चंदनताई

*

सांगली, २९ जानेवारी १९७५

चि. भामास खूप खूप आशीर्वाद.

आज सुरेखाचं पत्र आलं. आनंद पोटात मावेना, तेव्हा तिचे शब्द तुलाच लिहिते: “हळदीकुंकवाला साठ बाया होत्या. मी तिसरं प्रकरण वाचलं, ओवी गाऊन दाखवली. एक म्हातारी आनंदाने ओरडली, ही तर आमच्याकडचीच ओवी! त्यानंतर इतकं शांत झालं की बांगडीसुद्धा वाजली नाही. एक बाई मध्येच उठून गेली. तिला रडू आलं असावं.”

भामा, याहून मोठं बक्षीस कोणतं? ओवी एका गावची असते थोडीच. ती साऱ्यांचीच, म्हणून म्हातारीला आपली वाटली. आणि साठ बाया गप्प बसून ऐकतात हे मला वीस वर्षांत वर्गातही जमलेलं नाही. तुझं पत्र का नाही? थोर झाल्यावर आम्हाला विसरलीस वाटतं.

चंदनताई

*

मेढ्याच्या वर, १० फेब्रुवारी १९७५

ती. चंदनताई,

म्हातारी म्हणजे मनुबाई. साळूबाईच्या भिंतीला तिची भिंत लागून आहे.

ती काय म्हणाली ते पूर्ण लिहिते. “आगं बया, ही तर आमच्या साळूची ओवी! रोज पहाटं भितीपलीकडनं ऐकते मी. साळे, तुजी ओवी पुस्तकात छापून आली की गं!” ती खरोखर आनंदली होती. टाळ्या वाजवल्या तिने. आणि सुरेखाने त्याआधीच वाचलं होतं की ही ओवी म्हणणाऱ्या गंगूच्या अंगावर चट्टा होता, आणि तो कसला होता.

गावात जातं घराघरात आहे. प्रत्येकीची ओवी वेगळी, आणि आळीतल्या प्रत्येकीला दुसरीची पाठ. कोणती बाई उठली, कोणती आजारी आहे, हे त्यांना पहाटे ओवीवरून कळतं. हे मला ठाऊक नव्हतं. मी कराडची, गिरणीच्या पिठावर वाढलेली, आणि राहते ओढ्याअलीकडे. तुम्ही नाव बदललंत, गाव बदललंत, ज्वारी पेरलीत. पण जिच्या आवाजाने आळी जागी होते तिला नाव बदलून लपवता येत नाही.

साळूबाई माझ्या समोरच बसली होती. हातात वाणाचं सुगड. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतं बघितलं. सुगड खाली ठेवलं आणि हौसाला कडेवर घेऊन निघाली. रंगूबाई उठली, तिच्या मागे गेली आणि दारातच तिने हौसाला तिच्या कडेवरून ओढून घेतलं. बाकीच्या जणी पदर आवरून बाजूला सरकल्या, जाणारीचा वारा लागू नये म्हणून.

आणखी एक लिहायचं आहे. सुरेखाने ते पान उलटलं तेव्हा मला थांबवता आलं असतं. मी तिच्या शेजारी होते. मला वाटलं, वाचू दे. माझं लिहिलेलं छापून आलेलं साठ जणींसमोर कसं वाजतं ते मला ऐकायचं होतं.

तिला गोठ्याच्या मागच्या खोपीत ठेवलं आहे. जातं घरातून काढून ओढ्यात टाकलं. पोतं जाळलं, त्यात गोळ्याही गेल्या. मी नव्या घेऊन गेले तर रंगूबाईने फाटकाबाहेरच थांबवून सांगितलं, “नर्सबाई, तुमचं लिवून झालं न्हवं? आता जावा.”

भामा

*

सांगली, २० फेब्रुवारी १९७५

चि. भामास,

तुझं पत्र वाचलं. झालं ते फार वाईट झालं. पण तू लिहितेस त्यावरून सगळं पुस्तकाच्या डोक्यावर येतं, ते मला पटत नाही. नाव, गाव, पीक, नवऱ्याचं काम, सगळं बदललं. लिहिणाऱ्याने याहून काय करावं? आणि तू शेजारी होतीस. हात आडवा घालायला काय झालं होतं?

आता करायचं ते सांगते. मेढ्याच्या डॉक्टरांना घेऊन घरी जा. आजार लागणारा नाही हे त्यांच्या तोंडून सांगव. गोळ्या थांबता कामा नयेत. अर्धवट सोडल्या तर चट्टा परत उचल खाईल. तिच्या माहेरी कळव.

आणि एवढं स्पष्ट लिही: तू तिला विचारलं होतंस ना? पुस्तक बाहेर गेलं आहे, मला उत्तर लागेल.

चंदनबाला

*

मेढ्याच्या वर, ३ ऑगस्ट १९७५

ती. चंदनताई,

पाच महिने लिहिलं नाही. काय लिहायचं ते ठरत नव्हतं. आता लिहिते.

डॉक्टरांना नेलं होतं. रंगूबाईने चहा दिला, ऐकून घेतलं, मान डोलावली आणि दार लावलं. मार्चमध्ये साळूबाईचा भाऊ, कृष्णात, येऊन तिला कराडच्या बाजूला माहेरी घेऊन गेला. हौसाला नेऊ दिलं नाही. माहेरी भावजय महिनाभर गप्प राहिली, मग तिने तिचं ताट-तांब्या वेगळा केला. मे महिन्यात मी कराडला आईकडे गेले तेव्हा कृष्णातच्या घरी गेले. तो अंगणातच उभा राहिला. म्हणाला, “गेली ती. कुटं गेली म्हाईत न्हाई. जाताना एवडंच म्हनली, दादा, तुज्या पोरींची लगीनं व्हायची हायती.”

मानसिंग रजेवर येऊन गेला. दुसरं लग्न झालं. हौसाला आई मेली म्हणून सांगितलं आहे. ती शाळेच्या आवारात खेळायला येते. गेल्या महिन्यात माझ्या खिडकीपाशी आली होती. तिच्या दंडावर एक फिकट डाग दिसला. पोटातल्या जंतांनीही असा डाग येतो, उन्हानेही येतो. मला दंड हातात घेऊन बघायचा होता. तेवढ्यात रंगूबाईची हाक आली आणि पोर पळाली. त्यानंतर मी तीनदा त्या दारात गेले, तीनदा परत आले.

मनुबाई गेली. चार महिने तिच्या अंगावरून जात होतं, शेवटी तर अंथरूण भिजत होतं. सून म्हणते, नर्सबाईला बोलावते म्हटलं तर हात जोडायची. “नगं, त्या लिवून काडत्यात.” ताई, त्या दिवशी सर्वांत आधी तीच बोलली होती. त्यानंतर तिनं कशालाच तोंड उघडलं नाही. गावात आता मी सुई टोचते, बाळाचं वजन घेते. मला कुणी काही सांगत नाही. पत्रं लिहून घ्यायला मास्तरांकडे जातात.

तुमच्या आठव्या प्रश्नाचं उत्तर. नाही. मी तिला विचारलं नव्हतं. विचारलं तर ती नाही म्हणेल हे मला ठाऊक होतं. तोंड बंद ठेवा असं तिने सांगितलं होतं, ते मीच तुम्हाला लिहून पाठवलं. मी तुमच्याशी आडून बोलले. माझं नाव छापून यावं एवढ्यासाठी.

नोकरी सोडावी म्हणते.

भामा

*

सांगली, ३० ऑक्टोबर १९७५

भामा,

नोकरी सोडू नकोस. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला सोडावीशी वाटेल.

तू विचारलं नव्हतंस, हे मला त्र्याहत्तरच्या ऑक्टोबरातच कळलं होतं. सात प्रश्नांची उत्तरं खुलून लिहिलीस आणि आठव्याला अर्धी ओळ. वीस वर्षं मी मुलींना हेच शिकवते की बाई जिथे घाईने पुढे सरकते तिथे थांबा, तिथेच खरं दुखणं आहे. माझ्या पुस्तकात तसं छापलंही आहे, पान एकवीस. तुझ्या पत्रापाशी मी थांबले नाही. मला ते प्रकरण हवं होतं. तू माझ्याशी खोटं बोललीस म्हणतेस; मी ते खोटं ओळखलं, उचललं आणि छापलं. मग फेब्रुवारीत तुलाच पुन्हा विचारलं, म्हणजे उत्तर तुझ्या अंगावर राहावं. तू लहान होतीस, तुझ्या आधी मी दोषी.

प्रती परत मागवते आहे. काही आल्या, काही येणार नाहीत. आलेल्या अजितकुमारच्या अंगणात जाळल्या. तो म्हणाला, ताई, तुला वेड लागलं.

आता दुसरं. इथून दोन बस बदलून कुष्ठरोग्यांचा एक आश्रम आहे. आमच्या मुली दर गुरुवारी तिथे जखमा बांधायला जातात. एकीने सांगितलं, जावळीकडची, म्हणजे तुमच्या मेढ्याच्या भागातली, एक बाई आहे, गाव सांगत नाही. मी गेले. तीच होती.

पायाला जखम आहे, दोन बोटं आखडली आहेत. गोळ्या पुन्हा सुरू आहेत. मी कोण ते खरं सांगितलं. पुस्तक मी केलं, हेही. माझ्या हातात सवयीने वही होती. तिने वहीकडे बघून विचारलं, “लिवनार हायसा?” मी वही बाहेर आमच्या मुलीकडे देऊन आले आणि खाली तिच्याशेजारी बसले. मग ती बोलायला लागली. तासभर बोलली.

भामा, ती काय बोलली ते मी तुला लिहीत नाही. तू विचारू नकोस.

हौसाच्या दंडावरच्या डागाचं मी तिला सांगितलं. सांगावं की नाही ह्याचा आठ दिवस विचार केला होता. ती उठून बसली. मग एक निरोप दिला. तो लिहून पाठवू का, असं मी तिला दोनदा विचारलं. दोनदा हो म्हणाली. तेवढाच लिहिते, तिच्या शब्दांत:

“नर्सबाईस्नी म्हनावं, पोरीला बगा. सासू आडवी आली तर तिला म्हना, साळूनं सांगितलंय, आत्ती, तुमचं मी कुटं नेलं न्हाई. जात्याला बी सांगितलं न्हाई.”

ह्याचा अर्थ काय, हे मी तिला विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा विचारलं नाही.

चंदनबाला

*

मेढ्याच्या वर, २० जानेवारी १९७६

ती. चंदनताईंना भामाचा नमस्कार.

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं आणि चुलीत घातलं. कपाटाला कुलूप असून काय होतं ते आपण बघितलं.

गेल्या आठवड्यात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मी रंगूबाईच्या दारात गेले. ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली. दुपारची वेळ, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी निरोप सांगितला, साळूबाईच्या शब्दांत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. रंगूबाईचा हात चौकटीवर होता तो खाली आला. तिने विचारलं, “कुनाला कुनाला ठावं हाय?” मी म्हटलं, मलाही ठाऊक नाही. तुम्ही सांगाल तर ऐकेन, नाही तर पोरीला बघून जाईन.

ती बाजूला झाली. मी हौसाला उजेडात घेतलं आणि दंड बघितला. डोळे मिटायला लावून पिसाने स्पर्श केला. तिला कळलं नाही. मग रंगूबाईने आतून कडी लावली आणि माझ्यासमोर येऊन बसली. जे सांगायचं ते तिने आपणहून सांगितलं. मी काहीच विचारलं नाही.

मेढ्याच्या डॉक्टरांना दाखवून मी औषधाची दोन कार्डं करून आणली आहेत. एक हौसाचं. दुसरं कुणाचं ते विचारू नका. तो आजार फार जुना आहे. डॉक्टर म्हणाले, ह्या घरात चट्टा आधी कुठून आला ते आता कळलं.

निघताना मी म्हटलं, साळूबाई जिवंत आहे, औषध चालू आहे, तिला आणा. रंगूबाई रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा बघितलं. पण म्हणाली, “कुटं आनू? तिची जागा भरली. मी तोंड उगडलं तर मलाबी तितंच जावं लागंल.” नवी सून सात महिन्यांची गरोदर आहे. तिला ह्यातलं काही ठाऊक नाही. तिचं बाळंतपण मीच करणार.

साळूबाईला सांगा, हौसीचा डाग एकच आहे, सुईच्या टोकाएवढाही पसरलेला नाही. ती बरी होईल. बाकी काही सांगू नका. तिला आधीच ठाऊक आहे.

नोकरी सोडत नाही. गोळ्या मी स्वतः नेऊन देते, आठवड्यातून एकदा. आळीत कुणी विचारलं, नर्सबाई कशाला आल्या होत्या, तर सांगते, मानसिंगला पत्र लिहायचं होतं.

तुमची,
भामा